मास्टर गेलाय

पसरणीच्या घाटात, पाचगणी दोन-तीन वळणांवर आलेली असताना, माझा डावा पाय अचानक सुखावला. एरवी आमच्या गाडीचा क्लच दाबायचा म्हणजे गुडघ्यापासून कमरेपर्यंत सगळ्यांची हजेरी लागते. त्या दिवशी पेडल असं अलगद खाली गेलं की पहिल्या क्षणी मला वाटलं, सकाळच्या योगासनांना गुण आला. दुसऱ्या क्षणी समोरचा ट्रक थांबला, मी पहिला गिअर टाकायला गेलो आणि अडकित्त्यात खडा सापडावा तसा आवाज आला. मागे बसलेल्या मेव्हण्यांनी फक्त "अरे अरे" केलं. पेडल तिकडे तळाशीच पडून होतं. बुटाचं टोक खाली घालून मी ते वर उचललं, तेव्हा कुठे वर आलं.

मग सुचलं म्हणून इंजिन बंद केलं. बंद गाडीत पहिला गिअर मुकाट्याने पडला. तसाच गिअरमध्ये स्टार्टर मारला. गाडीने एक गचका दिला, मेव्हण्यांच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा पुढच्या सीटवर आला आणि आम्ही चालू लागलो. येताना सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, एकदाही गिअर न बदलता. पसरणीत एक म्हैस आडवी आली, तिच्या मानाखातर इंजिन बंद करून उभं राहावं लागलं, तेवढंच.

गाडीचं नाव सांगत नाही. दुखणं चव्हाट्यावर मांडायचंच आहे, तर म्हातारीची निदान अब्रू तरी राखावी. शिवाय पंचवीस वर्षं आमचा संसार वाहिल्यावर तिची चार रबरं झिजली, तर त्यात तिला घडवणाऱ्यांचा काय दोष? घरात तिला थोरली म्हणतात. जन्म १९९९चा. पंधरा वर्षांनी तिचं आरसी बुक नवं करून घेतलं, पर्यावरण कर भरला, आता दर पाच वर्षांनी तिला आरटीओत उभी करून जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. मी पेन्शनर. मला हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. त्या हिशेबाने सरकारचा माझ्यापेक्षा तिच्यावर भरवसा जास्त आहे.

ज्या गावात मराठी विश्वकोश घडला, त्या वाईत ज्ञान देणाऱ्यांची टंचाई कधीच नसते. गाडी गल्लीत लागायच्या आत निदान सुरू झालं. शेजारचे नाना एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी गाडीकडे न बघताच सांगितलं, "प्लेट गेली." हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने फोनवरच "पूर्ण क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं म्हणत असा आकडा सांगितला की मी खुर्ची ओढून बसलो. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, गाडीच गेली म्हणा आता."

आपल्या गॅरेजांत सगळं 'जातं'. बॅटरी जाते, बेअरिंग जातं, क्लच जातो. कुठे जातो, कशाने जातो, परत येण्याजोगा जातो की कायमचा, हे कोणी विचारत नाही. तापाने फणफणलेल्या पोराला बघून डॉक्टरांनी "आजारी आहे" एवढंच सांगावं आणि फी घ्यावी, तसला हा प्रकार. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पोराने उत्तरपत्रिकेत नुसतं उत्तर लिहिलं आणि रीत लिहिली नाही, की मी गुण कापायचो. ती खोड अजून गेलेली नाही. (बघा, मीही 'गेली' म्हणालो.) तेव्हा ठरवलं, आधी रीत.

क्लचची दुखणी मुळात दोन, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. एक, क्लच धरत नाही. दुसरं, क्लच सोडत नाही. प्लेट झिजली की तो धरत नाही: इंजिन ओरडतं, गाडी चढावर जागची हलत नाही आणि जळका वास येतो. आमची थोरली तर पाच माणसं आणि एक चिवड्याचा डबा घेऊन घाट चढली होती, वासबिस काही नाही. म्हणजे तिची धरण्याची ताकद शाबूत होती. बंद इंजिनावर गिअर गुमान पडतो आणि चालू इंजिनावर करकरतो, याचा अर्थ पेडल दाबूनही क्लच सुटत नाही. नानांचं निदान इथेच बाद झालं. मी त्यांना तसं नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकवलंत, आम्ही चालवलंय." त्यानंतर दोन दिवस ते पेपर मागायला आले नाहीत.

आता सुटत का नाही? जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत पेडलपासून क्लचपर्यंत तारेची केबल असते. तिचा कारभार रोखठोक. तुटली की तुटली, हातात घेऊन दाखवता येते. पण १९९४ची सुमो (जिचं नाव सुमंत मुळगावकरांच्या नावाची पहिली अक्षरं जोडून झालं, असं सांगतात), २००० सालची क्वालिस, अशा त्या पिढीतल्या अंगापिंडाने थोर गाड्यांमध्ये केबलऐवजी द्रव असतो. पेडलच्या पुढे, बॉनेटखाली एक सिलिंडर. त्याला मास्टर म्हणतात. खाली गिअरबॉक्सच्या कुशीला दुसरा, त्याला स्लेव्ह. मध्ये बोटाएवढी जाडही नसलेली एक नळी. वर पाय दाबला की मास्टरमधला दट्ट्या द्रव ढकलतो, तो द्रव खाली स्लेव्हचा दट्ट्या ढकलतो, त्याचा दांडा क्लचचा काटा रेटतो आणि क्लच सुटतो. यात दिसण्याजोगं काहीच नाही. सगळा व्यवहार बंद नळीत, आणि तोही शब्दशः दबावाखाली.

पास्कलचा नियम मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलाय की झोपेत म्हणेन. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. हा ब्लेझ पास्कल ३९ व्या वर्षी वारला आणि त्याचा द्रवांवरचा ग्रंथ त्याच्यामागे, १६६३ साली छापला गेला. त्याच वर्षी इकडे लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं गेली. तीस वर्षांत एकाही वर्गाला ही सनावळी मी जोडून सांगितली नाही, याची आता चुटपुट लागते. पोरांनी पास्कल जन्मभर लक्षात ठेवला असता.

पण पास्कलच्या नियमात 'कोंडलेला' हा शब्द कळीचा आहे, आणि तो कोंडून ठेवण्याचं काम रबराच्या दोन-तीन वाट्यांवर असतं. अंगठ्याच्या पेरावर बसतील एवढ्याशा. त्यांच्या कडेला पातळ ओठ असतो, दाब आला की तो पसरून सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि द्रवाला मागे जाऊ देत नाही. पेडल दहा-बारा सेंटिमीटर खाली जातं तेव्हा खालचा दांडा जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सरकतो. तो ओठ झिजून थोडा द्रव जरी मागे निसटला, तरी त्या सेंटिमीटरातून चार-पाच मिलिमीटर कमी होतात, आणि तेवढ्यासाठी घाटात मेव्हण्यांसमोर शोभा होते.

हे सगळं बायकोला समजावून सांगताना मला योग्य उपमा सापडेना. तीच म्हणाली, "म्हणजे आमच्या माहेरच्या हापशासारखं." अगदी तेच! वॉशर झिजलेला हापसा आठवा. एकदा दाबून पाणी येत नाही. दांडा हलका लागतो, नुसता फसफस आवाज. पण भराभर दहा-बारा वेळा हापसलं की मग येतं, आणि जरा थांबलं की पुन्हा पाणी उतरून जातं. देशभर गावोगाव उभा असलेला 'इंडिया मार्क २' हापसा १९७० च्या दशकात तयार झाला, तो मुळात आपल्या सोलापूरच्या पंपावरून. तो सोलापुरी पंप कुठल्या मोठ्या इंजिनिअरने नव्हे, स्वतःच्या हिकमतीने शिकलेल्या एका कारागिराने घडवला होता. त्यातही सगळी मदार अशाच वाटीसारख्या वॉशरवर. म्हणजे थोरलीचं दुखणं समजायला पास्कलपेक्षा सोलापूर जवळचं होतं आणि मी उगाच फ्रान्सला जाऊन आलो.

लगेच खाली जाऊन पेडल भराभर चार-पाच वेळा हापसलं. गिअर पडला! गल्लीत उभ्या गाडीत पहिला गिअर पडल्याचा एवढा आनंद मला गाडी नवी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

हापसून सुधारतं म्हणजे दोनच शक्यता: नळीत हवा शिरली आहे, किंवा रबराची वाटी द्रव मागे सोडते आहे. हवा दाबली की आक्रसते, द्रव आक्रसत नाही. त्यामुळे हवा असली की पेडल स्पंजासारखं लागतं. माझं पेडल स्पंजासारखं होतं की लोण्यासारखं, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला असता, तर पुढचा रविवार वाचला असता. पण हवा काढायला पैसे लागत नाहीत. फुकटचा उपचार हाच योग्य उपचार, असं मानणाऱ्या पिढीतला मी.

हवा काढायची रीत सोपी आहे. एकाने खाली पडून स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं. दुसऱ्याने वर बसून पेडल दाबून धरायचं. खालच्याने निपल उघडायचा, बुडबुडे निघाले की बंद करायचा, आणि मगच वरच्याने पेडल सोडायचं. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर बाहेरची हवा उलट आत शिरते. थोडक्यात, हे काम दोन माणसांचं आहे आणि त्या दोघांत समजूत लागते.

मी खाली, बायको वर.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय. किती वेळ?"

"अगं आत्ताच तर... हां, आता बंद केलं, सोड!"

"काय? नको सोडू?"

"सोड म्हटलं!"

"मघाशी तुम्हीच म्हणालात, सांगितल्याशिवाय सोडू नको!"

"आता सांगतोय ना!"

गाडीखालून माझा आवाज गल्लीला कसा ऐकू जात होता, हे मला नंतर कळलं. समोरच्या गॅलरीत हळूहळू मंडळी जमली. नाना पेपर मागायच्या निमित्ताने आले आणि पेपर न मागता उभे राहिले. नवीन राहायला आलेल्या कुटुंबातल्या सूनबाई घाबऱ्या चेहऱ्याने आमच्या दारापर्यंत येऊन गेल्या म्हणे. कोणी कुणाचं काय दाबून धरलंय, हे त्यांना गाडी दिसेपर्यंत कळेना. तासाभराने एकही बुडबुडा न निघता अर्धी बाटली ऑइल निघालं. हवा नव्हतीच.

निघालेलं ऑइल मात्र बोलकं होतं. नवं असताना ते फिकट मधासारखं दिसतं. हे कोऱ्या चहासारखं काळं होतं, आणि काळं म्हणजे आतलं रबर झिजून त्यात उतरतंय. इथे मला एक कबुली द्यायची आहे. ब्रेक ऑइल हे नावाचं ऑइल. ते तेल नव्हेच, ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे, आणि त्याला हवेतलं पाणी शोषायची खोड आहे. कोरडं असताना त्याच्या डॉट ३ या प्रकाराला उकळायला किमान २०५ अंश लागतात, ओल धरली की ती मर्यादा १४० वर येते. ब्रेकला ते जास्त नडतं. क्लचमध्ये पाणी वेगळा उद्योग करतं: सिलिंडरला आतून गंजवतं, भिंतीला खड्डे पाडतं आणि त्या खड्ड्यांवरून घासून रबराचा ओठ फाटतो. आमच्याकडे या ऑइलचा डबा माळ्यावर दोन पावसाळे अर्धवट उघडा होता आणि त्यातलंच मी वेळोवेळी घालत होतो. बायकोने तो डबा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "पापडाचा डबा एक दिवस उघडा राहिला तर जेवताना तासभर व्याख्यान असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नशीब एवढंच की मी इंजिन ऑइल घातलं नव्हतं. नावाला भुलून ते घालणारे महाभाग आहेत. त्याने ही रबरं मेदूवड्यासारखी फुगतात आणि दोन्ही सिलिंडरांबरोबर नळीही बदलावी लागते.

मग उरलेली एक परीक्षा घेतली, जी खरं तर पहिली घ्यायला हवी होती. पेडल हापसून वर आणलं, इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये दाबून धरलं आणि घड्याळाकडे पाहत बसलो. दहाव्या-बाराव्या सेकंदाला, पाय हलवलेला नसताना, पेडल पायाखालून हळूच खाली सरकू लागलं आणि पाठोपाठ थोरलीही पुढे. तेव्हा आठवलं, महिन्यापूर्वी साताऱ्यात पोवई नाक्यावर उभे असताना ती अशीच हळूहळू पुढे सरकत होती. मी ट्रॅफिक हवालदाराच्या जवळ जवळ जात राहिलो होतो आणि तो संशयाने मागे मागे. मी रस्त्याच्या उताराला दोष दिला होता. गाडी उभी होती तिथे उतार नव्हता.

पेडल उतरतंय, पण मास्टरवरच्या द्रवाच्या डबीतली पातळी उतरत नाही. खाली स्लेव्हची रबरी टोपी वर करून पाहिली, कोरडी. पेडलमागचा मास्टरचा दांडा आणि पायाखालची मॅट, कोरडी. द्रव बाहेर कुठेच जात नाही, म्हणजे मास्टरच्या आतल्या आतच वाटीला वळसा घालून मागे जातोय. (या डबीची एक गंमत. ब्रेकचं अस्तर झिजलं की ब्रेकच्या डबीत पातळी खाली जाते. क्लचची प्लेट झिजली की मात्र स्लेव्हचा दट्ट्या मागे रेटला जातो आणि क्लचच्या डबीत पातळी थोडी वर चढते. झिजता झिजता भर पडावी, असं दुसरं खातं माझ्या माहितीत नाही.)

निदान एका वहीच्या पानावर, रीतसर, लिहून मी चाचांच्या गॅरेजात गेलो. चाचा सत्तरीचे. त्यांनी पान हातात घेतलं, चष्मा नसल्यामुळे उलटं धरलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि गाडीत बसून पेडल एकदा दाबलं. फक्त एकदा.

"मास्तर, वरचा सिलिंडर."

माझा आठवडा, पास्कल, सोलापूर, गल्लीतली बेअब्रू, आणि त्यांचा एक पाय. मला थोडा रागच आला. पण उत्तर जुळलं होतं.

"खालचाही बदलून टाकू," चाचा म्हणाले. "वरचा नवा झाला की जोर वाढतो. मग खालचा रुसतो."

"तो कोरडा आहे, चाचा. मी स्वतः पाहिलाय."

"आज कोरडा आहे," ते म्हणाले आणि पान्हा शोधायला लागले.

वरच्याला नुसती रबरं घालून भागतं का ते खोलून बघू, असं ठरलं आणि मी स्टँडवर चहाला गेलो. मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला. चाचांकडे कामाला असलेल्या पोराने माझ्या नंबरवर फोन लावला, तो बायकोने उचलला.

"काकू," पोरगा म्हणाला, "मास्टर गेलाय."

चाचा मला मास्तर म्हणतात, सगळं गॅरेज मास्तर म्हणतं. बायको ओट्याशी उभी होती, ती खाली बसली.

"आतून पूर्ण गेलाय, काकू. खड्डे पडलेत. दुरुस्त करण्यात अर्थ नाही, चाचा म्हणतात नवाच आणू. सरांना विचारून सांगता का?"

बायको नंतर म्हणाली की 'नवाच आणू' आणि 'सरांना विचारून' ऐकायच्या कितीतरी आधी तिचा जीव भांड्यात पडला होता. "ते पोरगं तुमच्या हाताखाली शिकलंय," ती म्हणाली. "तुमचं काही झालं असतं तर 'गेलेत' म्हणालं असतं. 'गेलाय' म्हटल्यावर मी ओळखलं, गाडीचं काहीतरी असणार." आदरार्थी बहुवचन मी कधी शिकवलं नाही, तो मराठीच्या बाईंचा तास. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

नवा मास्टर बसला. हवा काढायची वेळ आली तेव्हा मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, तर चाचांनी हातानेच थांबवलं. त्यांनी वरची डबी काठोकाठ भरली, खालचा निपल उघडला, खाली डबा ठेवला आणि स्टुलावर बसून बिडी पेटवली. द्रव आपल्या वजनाने हळूहळू उतरत राहिला, हवेला पुढे घालून. टिप, टिप. डबी रिकामी व्हायला आली की पोरगा पुन्हा भरायचा. कोणी कोणाला दाब म्हणालं नाही, सोड म्हणालं नाही. मध्ये दोनदा चहा झाला. टिपक्यांतले बुडबुडे थांबल्यावर चाचांनी निपल आवळला आणि मला बसायला सांगितलं. पेडलने गुडघ्यापासून कमरेपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली. बरं वाटलं.

पसरणीचा घाट आम्ही त्यानंतर दोनदा चढलो. मेव्हणे आले नाहीत. महिना-सव्वा महिना झाला असेल, एका सकाळी गाडीखाली, गिअरबॉक्सच्या बाजूला, रुपयाएवढा ओला डाग दिसला. बोट लावून पाहिलं, पाणी नव्हतं. मी काही न बोलता गाडी चाचांकडे लावून आलो. फोन नेहमीसारखा चार्जिंगला होता. मी पिशवी घेऊन पायरी उतरतच होतो, तेवढ्यात वाजला.

"काकू," पोराचा आवाज दारापर्यंत येत होता, "या वेळी स्लेव्ह गेलाय."

"नाही रे बाबा," बायको म्हणाली, "हे काय, आत्ताच दळण आणायला पाठवलंय त्यांना."